पाठीला सहा जोड

माझा मामा कपडे शिवतो, आणि उत्तम शिवतो, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं असं फारसं काही येणार नाही.

त्याचं दुकान म्हणजे एक मशीन, एक बेतायचं टेबल आणि दोन्हींच्या मधून अंग चोरल्याशिवाय जाता येणार नाही एवढी वाट. गिऱ्हाईक आत आलं की मामाला बाहेर यावं लागतं, आणि तो आनंदाने येतो, कारण बाहेर बाक आहे. बाक शेजारच्या चहावाल्याचा. त्यावर रोज संध्याकाळी पाच माणसं बसतात.

पहिला विमा एजंट. ह्या माणसाला गप्प बसलेला मी एकदाच पाहिला, आमच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढताना, आणि तेव्हाही त्याने ओठ न हलवता विचारलं, "बोललं तर चालेल ना?" दुसरा रिटायर हेडक्लार्क. आयुष्यभर त्याने लोकांच्या अर्जातल्या चुका काढल्या. रिटायर झाल्यावर अर्ज येईनात, म्हणून आता माणसांच्या काढतो. तिसरा मोटार शिकवणारा. बाकावर बसूनही त्याचा पाय मधूनच नसलेला ब्रेक दाबतो. उरलेले दोघे हार्डवेअरवाले भाऊ. त्यांच्यातला थोरला कोणता न् धाकटा कोणता हे मला माहीत नाही, आणि न कळल्याने कोणाचं काही अडेल असंही वाटत नाही.

हे पाच जण चोवीस वर्षं त्या बाकावर बसत आले. आणि चोवीस वर्षं माझा मामा गळ्यात टेप अडकवून दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहत आला. ते हसले की तोही हसायचा, पण किंचित उशिराने. विनोद कळल्यावर नव्हे, इतर हसल्यावर. पाचही जणांना तो 'साहेब' म्हणायचा. त्यामुळे त्याने हाक मारली की कोणीच वळून बघायचं नाही.

त्यांच्या छत्र्या, पिशव्या, हेल्मेटं, एकदा तर हेडक्लार्कच्या दातांची कवळी, सगळं मामाच्या दुकानात असायचं. तुटलेलं बटण तो तिथल्या तिथे, माणूस बाकावर बसलेला असतानाच, लावून द्यायचा. दोरा दातांनी तोडताना त्याचं डोकं त्या माणसाच्या छातीपाशी असायचं आणि वर बोलणं चालूच असायचं, जणू छातीवर माशी बसलीय.

"विश्वास आहे त्यांचा माझ्यावर," मामा घरी सांगायचा.

"खुंटीवरही असतो," मामी म्हणायची. "म्हणून तर छत्री टांगतात."

मामीचं तोंड असं. मी त्यांच्याकडेच राहतो, कारण माझ्या गावात शाळा होती, पण शाळेनंतर करण्यासारखं काही नव्हतं. मामाच्या दुकानापासून तिसऱ्या गाळ्यातल्या स्टुडिओत मी फोटो काढतो. त्यामुळे हे सगळं मी लांबून ऐकलेलं नाही. माझ्या दारातून बाक सरळ दिसतो.

मामाला बाकावर बसायची हौस नव्हती, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याला गुडघ्याचा त्रास आहे, उभं राहिलेलंच बरं वाटतं. त्याला फक्त सहावा म्हणून मोजलं जायला हवं होतं. वर्षातून एकदा ते पाच जण गावाबाहेरच्या तलावावर दिवसभर जायचे, आणि दर वर्षी आदल्या आठवड्यात मामा सहज विचारल्यासारखं विचारायचा, "मग, यंदा कधी?" मोटारवाला म्हणायचा, "गाडीत पाचच बसतात हो मास्तर, नाहीतर तुम्हालाच आधी." चोवीस वर्षं ह्या माणसाने गाडी बदलली नाही.

यंदा पंचविसावं वर्ष. विमा एजंटच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी एकसारखे शर्ट घालायचे, तलावावर फोटो काढायचा आणि तो चहावाल्याच्या भिंतीवर लावायचा. फोटोसाठी मला न्यायचं ठरलं. म्हणजे मोठी गाडी भाड्याने आली. म्हणजे सात जागा. पाच ते, सहावा मी, सातवी रिकामी. हा हिशेब मामाने त्यांच्याआधी केला होता.

कापड एजंटनेच आणलं. हिरव्यागार रंगावर वीत-वीतभर पिवळ्या चौकटी. लांबून बघितलं तर शेताची मोजणी चालली आहे असं वाटावं. ताग्याचं शेवटचं कापड होतं ते, दुकानात परत मिळणार नव्हतं.

"पाच शर्ट, मास्तर," एजंट म्हणाला. "एकसारखे."

मामाने मापं घेतली. पाचव्याचं झाल्यावर टेप तसाच हातात धरून तो म्हणाला, "आणि?"

"आणि काय?"

"आणखी कोणाचं माप?"

"आणखी कोण असणार? पाचच तर आहोत," हेडक्लार्क म्हणाला, आणि बोलणं तलावावर अंडी उकडून न्यायची की तिथे उकडायची ह्यावर गेलं.

दुसरा एखादा असता तर त्याने टेप गुंडाळून खिशात घातला असता आणि ह्या लोकांचे शर्ट दोन आठवडे उशिरा दिले असते. माझ्या मामाने काय केलं? त्याने कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, आणि सहावा शर्ट निघतो का ते बघायला लागला.

आता हे जरा समजून घ्यावं लागेल. चौकटीच्या कापडात फार वाया जातं. पुढच्या दोन भागांतली चौकट बटणपट्टीवर जुळली पाहिजे, खिशाची छातीशी जुळली पाहिजे, बाहीची अंगाशी. मामा हे सोडणार नव्हता. जुळणी ही त्याची अब्रू. मग त्याने वाचवलं कुठून? कॉलरच्या आतून आणि कफांच्या आतून चौकटीच्या जागी साधं पांढरं कापड घातलं. खांद्याच्या पट्टीला आतून पांढरं. खालची दुमड इतकी बारीक की दिसली न दिसली. आणि प्रत्येक शर्टाची लांबी तीन बोटं कमी. पाच जणांच्या पोटावरून तीन-तीन बोटं चोरून ह्या माणसाने स्वतःसाठी मैत्री बेतली.

बुधवारी दुकान बंद असतं. त्या बुधवारी तो भर दुपारी घरी मशीनवर बसला होता. घरचं मशीन जुनं, खडखड करणारं. मामी हात पुसत आली आणि उभी राहिली.

"हा कोणाचा?"

"शिल्लक होतं थोडं."

"पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगताय, कापड उरत नाही म्हणून. आज बरं उरलं?"

मामा पायडल मारत राहिला.

"त्यांनी बोलावलंय तुम्हाला?"

"बोलवायचं काय असतं त्यात? रोजचे आहेत."

"रोजचा तर तो पोस्टाचा डबाही आहे बाकाशेजारी. त्याला नेणार आहेत का?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं," मामी माझ्याकडे बघून म्हणाली. "मी इथे बावीस वर्षं नुसती भिंतीला टेकून ठेवलेली आहे."

मग तिने शर्ट उचलून उलटा केला. मीही बघितला. पुढून तो अप्रतिम होता. चौकट अशी जुळली होती की बटणपट्टी शोधावी लागत होती. पण पाठीसाठी सलग कापड उरलंच नव्हतं. पाठ सहा तुकड्यांची होती. गळ्यातून निघालेला एक, काखेतून निघालेले दोन, बाह्यांच्या कडेचे दोन आणि एक कुठला ते देव जाणे. पिवळ्या रेघा एकमेकींना न ओळखता भलतीकडेच निघाल्या होत्या. फुटलेली काच चिकटवून परत खिडकीत बसवावी तसं दिसत होतं.

"हे घालून जाणार?" मामी म्हणाली.

"पाठ कोण बघतो," मामा म्हणाला. "समोरून बोलायचं असतं माणसांशी."

शनिवारी शर्ट दिले. पाचही जणांना मामाने दुकानासमोर रांगेत उभं केलं आणि शाळेतल्या कवायतीसारखं घोकत राहिला, "हात खाली. सरळ उभे राहा. हात खाली, साहेब." हात खाली असेपर्यंत शर्ट झकास दिसत होते. एजंटने स्वतःला चहावाल्याच्या काचेच्या कपाटात चारही बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाला, "मास्तर, मानलं!" मामाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा मामा दुकानाच्या बंद दाराला पाठ लावून उभा होता. अंगात तोच शर्ट. पाचही जण आधी त्याच्याकडे, मग स्वतःकडे, मग एकमेकांकडे बघू लागले. रस्त्यात चुकून आरसा लागावा तसं.

"अरे वा!" एजंट शेवटी म्हणाला. "मास्तरही?"

"पाचांचं कापड होतं," हेडक्लार्क म्हणाला. एवढंच. त्याने वाक्य पुढे नेलं नाही, पण मिटवलंही नाही. अपुऱ्या अर्जासारखं बाजूला ठेवलं.

"जागा आहे ना एक," मामा म्हणाला. त्याने हे चोवीस वर्षं तोंडात धरून ठेवलं असावं, कारण ते फार पटकन बाहेर आलं.

"जागा... हो, आहे की," मोटारवाला म्हणाला. "असं करा, मागच्या सीटवर बसा. अंड्यांचं पातेलं मांडीवर घ्या. कोणीतरी धरायला हवंच होतं."

आणि माझा मामा, चोपन्न वर्षांचा माणूस, लग्नाला निघाल्यासारख्या चेहऱ्याने पातेलं मांडीवर घेऊन बसला.

तलावावर त्याने दिवसभर जे केलं ते मी कोणा दुसऱ्याला करताना पाहिलं असतं तर पोट धरून हसलो असतो. तो उतरला सगळ्यांत शेवटी. चालला सगळ्यांच्या मागे. कोणी मागे राहू लागलं की "चला साहेब, पुढे व्हा" म्हणत थांबायचा. त्यांना ते अदबीचं वाटलं. बसायची वेळ आली की झाड शोधायचा. झाड नसेल तर कठडा, कठडा नसेल तर मी. एकदा तर तासभर माझ्या पाठीला पाठ लावून बसला आणि वरून म्हणाला, "मजा येतेय ना रे?" पाच जणांच्या गप्पा तशाच होत्या जशा बाकावर असतात; फक्त समोर रस्त्याऐवजी पाणी होतं. एजंटने तोच किस्सा सांगितला जो तो दर आठवड्याला सांगतो. सगळे हसले. मामाही हसला, आणि मी नीट पाहिलं, ह्या वेळी अगदी बरोबर वेळेवर.

मला त्याची किळस आली, खोटं कशाला बोलू. ह्या पाच जणांत असं होतं तरी काय? त्यांतल्या एकाचंही बोलणं मी पैज लावूनही पंधरा मिनिटं ऐकलं नसतं. आणि हा माणूस त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून झाडाला चिकटून पाठ लपवत होता.

जेवणाच्या आधी एजंट गाडीच्या टपावरची टोपली काढायला गेला. दोन्ही हात वर केले. शर्ट वर गेला आणि त्याचं पोट, बेंबीसकट, पाहुण्यासारखं बाहेर आलं.

मोटारवाला खो-खो हसला. "अरे, पडदा उघडला!"

"तू हात वर कर बघू," एजंट चिडून म्हणाला.

मोटारवाल्याने केले. त्याचंही पोट आलं. मग दोघा भावांनी केले, एकदम. दोन पोटं, एकमेकांसारखीच. तीही वेगळी ओळखता आली नसती. आता कोणी हसेना. चारही जण हात वर करून, एखाद्याने बंदूक रोखल्यासारखे उभे होते, आणि हेडक्लार्क मात्र हात खाली ठेवून विचार करत होता.

"एकाचा आखूड झाला असता तर पोट सुटलं म्हणालो असतो," तो म्हणाला. त्याने स्वतःची कॉलर उलटी केली. "आतून पांढरं. कफ, आतून पांढरा." मग त्याने सकाळपासून बाजूला ठेवलेलं वाक्य उचललं. "पाचांचं कापड होतं. शर्ट सहा झाले. मास्तर, जरा वळा बघू."

मामा झाडाला टेकून अंडं सोलत होता.

"अंडी गार होतील," तो म्हणाला.

"वळा की."

"साहेब, मी काय म्हणतो, मीठ कोणी आणलंय?"

"मास्तर, वळा."

मी तिथेच होतो, गळ्यात कॅमेरा अडकवून. मामाने सोललेलं अंडं रुमालावर ठेवलं, हात पुसले आणि वळला.

मग एजंट हसला. खरं सांगायचं तर तो छान हसतो, अगदी मनापासून. मग मोटारवाला, मग भाऊ. "अरे ही पाठ आहे का गावाचा नकाशा!" "ह्यात माझा तुकडा कोणता?" "हा बघ, हा माझ्या काखेचा, मला वास येतोय!" एकाने खरंच बोट लावून दाखवलं. मामा पाठमोरा उभा राहिला. मोजमाप चालू असताना गिऱ्हाइकाने उभं राहावं तसा, हात खाली, सरळ.

हेडक्लार्क हसला नाही. "कापड आमचं आहे," तो म्हणाला.

"देतो ना," मामा झाडाकडे बघतच म्हणाला. "लांबी वाढवून देतो सगळ्यांची. ह्याच्यातून निघेल."

मग फोटो. पाण्याच्या कडेला पाच जण उभे राहिले. मामा बाजूला, अंड्यांच्या टरफलांजवळ.

"ह्यांना घ्यायचं का?" मोटारवाल्याने विचारलं, मामा शंभर कोस दूर असल्यासारखं.

"फोटो पाचांचा आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"घेऊ रे," एजंट म्हणाला. "पण पाठमोरे! मास्तर, या. इथे, कडेला. तोंड पाण्याकडे. भिंतीवर लावल्यावर लोक विचारतील तरी!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. आता इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. कॅमेरा माझा होता. मी 'बॅटरी संपली' म्हणू शकलो असतो, 'असा फोटो मी काढत नाही' म्हणू शकलो असतो. शाळेत आम्हाला स्वाभिमानावर निबंध होता, मला त्यात बक्षीसही मिळालं होतं.

मी म्हणालो, "मामा, जरासा डावीकडे."

तो सरकला, आणि वळून उभा राहिला.

सोमवारी हेडक्लार्कने पाच शर्ट पिशवीत घालून आणून टाकले. धुतलेले नव्हते. बुधवारी मामा स्वतःचा शर्ट उसवायला बसला. ब्लेडने एकेक टाका. पुढचे दोन्ही भाग गेले, बाह्या गेल्या. त्यांच्या पट्ट्या काढून त्याने पाचही शर्टांच्या खाली जोडल्या, आणि काय सांगू, चौकटी जुळवल्या. जोड सापडत नाही. त्या पाच जणांच्या कमरेभोवती माझ्या मामाची छाती गुंडाळलेली आहे आणि त्यांना वाटतं शर्टाची लांबी वाढली.

मामी समोर भाजी निवडत बसली होती. मला वाटलं आता ऐकवणार. तिने एवढंच विचारलं, "अंडी तरी मिळाली का खायला?"

"मिळाली की," मामा म्हणाला. "एक."

पाठ तेवढी उरली. सहा तुकड्यांची, कशाच्याच कामाची नसलेली.

फोटो चहावाल्याच्या भिंतीवर लागला. पाच जण हसतायत आणि कडेला एक पाठ. एजंट म्हणाला होता तसं लोक विचारतात. परवा एका नवीन माणसाने चहा पिता पिता विचारलं, "हा सहावा कोण हो, पाठ करून?"

"तो ना," एजंट म्हणाला, "तो आमचा मास्तर."

मामा उंबऱ्यावरच होता. त्या रात्री जेवताना त्याने हे दोनदा सांगितलं. "आमचा म्हणाले. त्या माणसासमोर. 'आमचा मास्तर'." मामीने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

आता बाकावर नवा खेळ निघाला आहे. गप्पा रंगेनाशा झाल्या की कोणीतरी ओरडतं, "मास्तर, वळा!" आणि मामा, अंगात साधा पांढरा शर्ट, गळ्यात टेप, दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी, गिरकी घेतो. पाचही जण हसतात. तोही हसतो. पाठमोरा असल्यामुळे वेळेवर हसतो की उशिरा, ते मला माझ्या दारातून दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मामी दुकानात आली होती. ती कधी येत नाही. तिने ती सहा तुकड्यांची पाठ आणली होती, कडेने दुमडून, चार कोपऱ्यांना नाड्या लावून. मामा चहा आणायला गेला होता तेवढ्यात तिने ती मशीनवर झाकणासारखी घातली आणि नाड्या पक्क्या बांधल्या. बाकावरून ती सरळ समोर दिसते.

"मास्तर, वळा!" मोटारवाला मामीला बघून जरा गमतीने ओरडला.

मामीने एक नजर त्या मशीनकडे टाकली, एक बाकाकडे. "ते लोखंडाचं आहे," ती म्हणाली. "वळत नाही. तुम्हीच या इकडून, तोंड बघायचं तर."

कोणी उठलं नाही. मामा पाच कप घेऊन आला.